जिल्ह्यातले दोन हेवीवेट

दारव्ह्याच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही चार-पाच रिटायर माणसं रोज सकाळी बसतो. महिन्यातून एखादा दिवस तरी असा उगवतो, की कोणीतरी बशीत चहा ओतता ओतता तोच विषय काढतो. "खरं सांगा, जिल्ह्यात भारी कोन होता? हा अरुण, का बोरीचा नईम?" मी समोर बसलेलो असतो, तरी विचारतात. कागदावर पाहिलं तर उत्तर सोपं आहे. माझे चौदा सामने, अकरा जिंकले, तीन हरलो. नईमचेही चौदाच, नऊ जिंकले, पाच हरला. एकमेकांविरुद्ध चार, त्यात दोन त्याचे आणि दोन माझे. पण त्या हॉटेलात कागद कोणाला हवा असतो? "आकडे राहू द्या हो," एकजण म्हणतो, "नईमचा डावा हात पाह्यला होता का तुमी?" मग तो डावा हात कुठे कुठे कोणाकोणाला बसला याचं वर्णन सुरू होतं, आणि मी बिनसाखरेचा चहा गार होईपर्यंत ऐकत बसतो. साठी उलटून गेली, तरी पोटात जळायचं ते जळतंच. लोक म्हणतात वयानं माणूस निवतो. मी काही निवलो नाही.

माझे वडील कोर्टात कारकून होते. बाबांना खेळातलं काही कळत नव्हतं, पण नोंद ठेवायचं कळत होतं. त्यांचं अक्षर देखणं. मी तालमीत जायला लागलो आणि पहिला सामना जिंकलो, तेव्हा त्यांनी मला शाबासकी दिली नाही. कपाटातून एक कोरं, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर काढलं, पट्टीनं रेघा मारल्या आणि वर रकाने लिहिले: दिनांक, स्थळ, प्रतिस्पर्धी, निकाल, शेरा. मला ते फार आवडलं. आमच्या घरात शेजारच्यांच्या भांडणापासून दुधवाल्याच्या खाड्यांपर्यंत सगळ्याला शेरा असायचा. आता मलाही मिळणार होता. जेवण झालं की बाबा रेडिओ बारीक करून रजिस्टर उघडत, आई ओट्यावरची भांडी आवरत असे, आणि मी मुद्दाम त्यांच्या मागून तीन-चार वेळा पाणी प्यायला जात असे.

आमची तालीम म्हणजे गावाबाहेरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनाचं शेड. फौजेतून आलेले एक सर तिथं बॉक्सिंग शिकवत. सगळे त्यांना फौजी सर म्हणत. ठोसे मारायचं पोतं त्यांनी सरकी आणि चिंध्या भरून शिवलं होतं, त्यामुळे आमच्या अंगाला कायम सरकीच्या तेलाचा वास असे. पत्र्यावर ऊन तापलं की शेड तडतड वाजायचं. मी तिथं सगळ्यात वजनदार पोरगा होतो. घरची पोळी, दूध, तूप, बैठं अंग. एक्क्याऐंशी किलोच्या वरच्या गटाला हेवीवेट म्हणत, आणि आमच्याकडे त्या गटात पोरं कुठून येणार? वावरात राबणाऱ्या पोरांच्या अंगावर तेवढं मांस चढतच नाही. त्यामुळे स्पर्धेला जावं, वजन द्यावं, समोर कोणी नसावं, आणि पंचांनी हात वर करून "पुढे चाल" जाहीर करावं, हे माझ्या बाबतीत वारंवार घडे. माझ्या अकरा विजयांपैकी सहा तसे आहेत. हे मी हॉटेलात सांगत नाही. विचारलं तर नाकारत मात्र नाही.

मग नईम आला. बोरी अरबला त्याच्या वडलांचं मोटार रीवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी उचलून उचलून त्याचे खांदे दरवाज्याएवढे झाले होते. तो सकाळच्या एसटीनं यायचा, हातात कापडी पिशवी, नखांत तांब्याच्या तारेचं वार्निश. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला खाली बसवलं. मी उठलो तर तो हात पुढे करून म्हणाला, "लागलं का बे? तू डोकं खाली घेऊन राह्यलता, मले वाटलं सरकशीन." त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. तेच मला सहन झालं नाही. खोट असती तर मला त्याच्यावर उघड चिडता आलं असतं.

त्याची आई तो लहान असतानाच गेली होती. हे आमच्या घरी कळलं आणि आईनं दुसऱ्याच दिवशी मला सांगितलं, "त्या पोट्ट्याले घरी घेऊन येत जा तालमीनंतर. उपाशी जाते का बोरीले?" मी दोन दिवस टाळलं, तिसऱ्या दिवशी ती स्वतः शेडच्या दारात येऊन उभी राहिली. त्यानंतर चार वर्षं नईम आमच्याकडे जेवला. आणि कसा जेवला! आमच्या घरात जेवणाबद्दल बोलायची रीत नव्हती. बाबा मीठ कमी असलं तरच तोंड उघडत आणि मी ताटाकडे न बघता गिळत असे. नईम पहिला घास घेऊन थांबायचा. "काकू, ह्या पातोडीत तुमी खसखस टाकली ना?" आई पदरानं हात पुसत बाहेर यायची. पंचवीस वर्षं ती त्या घरात रांधत होती, आणि तिला खसखस विचारणारा माणूस बोरीहून एसटीनं यावा लागला. ती त्याला कढी कशी फाटत नाही ते सांगायची, अंबाडीची भाजी कशी शिजवायची ते सांगायची. तो कान देऊन ऐकायचा. मी मोरीत हात धुताना मुद्दाम तांब्या आपटायचो.

आईचं एक वेळ ठीक होतं. पण एके दिवशी बाबा कोर्टात असताना मी रजिस्टर उघडलं, माझं पान पुन्हा वाचावं म्हणून. शेवटून उघडलं गेलं, आणि पाहतो तर तिकडून नईमचं पान सुरू होतं. तेच रकाने, तीच पट्टी, तीच निळी शाई. माझ्या शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी होतं, "पुढे चाल". त्याच्या शेऱ्यांत मजकूर होता. "दुसऱ्या राउंडमध्ये भुवई फुटली, तरी सामना पूर्ण केला." "हरला, पण प्रेक्षक उभे राहिले." वजन पुरेसं भरत नसे म्हणून तो कधी खालच्या गटात खेळायचा, आणि तिथं पोरांची रांग लागलेली असायची. त्यामुळे त्याला एकही विजय फुकट मिळाला नव्हता. आणि मी त्याला गुणांवर हरवलं होतं तो आमच्या गावातला सामना? त्यासमोर माझ्याच बापानं, माझ्याच पानावर लिहिलं होतं: "निर्णय वादग्रस्त." मी रजिस्टर जागेवर ठेवलं. त्या दिवशी मी जेवलो नाही, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण नईम होता.

पुढच्या वर्षी फौजी सरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की जिल्ह्याच्या निवड चाचणीत हेवीवेटमध्ये जो पहिला येईल तो विभागाला जाईल, आणि विभागाचं प्रमाणपत्र असलेल्या खेळाडूला सरकारी खात्यात जागा मिळायची दाट शक्यता आहे. खालच्या गटाची नावं आधीच पाठवून यादी बंद झाली होती. म्हणजे नईमला माझ्याच गटात यावं लागणार होतं, आणि एक्क्याऐंशीच्या वर भरावं लागणार होतं. जागा एक, आम्ही दोघं. सरांनी हे सांगितलं तेव्हा नईम माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो. हसू मात्र खरं नव्हतं, कारण तोवरच्या तीन लढतींपैकी दोन त्याच्या होत्या, आणि तिसरीचं काय झालं होतं ते माझ्या बापानं लिहून ठेवलं होतं.

जगभरचे बॉक्सर वजन उतरवायला उपाशी राहतात. नईमची तऱ्हा उलटी होती. अनुशापोटी तो साडेएकोणऐंशीच्या आसपास असायचा आणि काट्यावर चढायच्या आधी त्याला खाऊन-पिऊन दीड किलो चढवावं लागे. यात आईनं स्वतःला जुंपून घेतलं होतं. वजनाच्या दिवशी ती पहाटे उठून गोळाभात करायची. बेसनाचे गोळे, मोकळा भात, वरून हिंग-लसणाची कडकडीत फोडणी, सोबत घट्ट ताक आणि अर्धा डझन केळी. याआधी तीनदा त्यानं त्या डब्याच्या जोरावर काट्यावर एक्क्याऐंशी पार केले होते. खाली उतरल्यावर पोटावर हात फिरवून म्हणायचा, "काकूचं वजन हाये हे." आई ती गोष्ट शेजारणींना सांगायची.

निवड चाचणी आमच्याच शेडमध्ये होती. यवतमाळहून पंच आले, धान्य तोलायचा मोठा काटा मांडला. वजनाची वेळ आठ ते नऊ. बोरीची गाडी सव्वाआठला येते, तिथून घरी येऊन जेवायला त्याला वेळ पुरला नसता, म्हणून आईनं चार पुडांचा डबा आणि केळ्यांची पिशवी माझ्या हातात दिली. "आधी त्याले देजो. तुह्यं त काही कमी नाही." हे शेवटचं वाक्य तिनं सहज म्हटलं. माझं वजन शहाऐंशी होतं, तिला तेवढंच म्हणायचं होतं. मी रस्ताभर तेच घोळवत गेलो. तुह्यं त काही कमी नाही.

शेडच्या मागं सरकीची रिकामी पोती पडलेली असायची. त्यावर बसून मी डबा उघडला. खरं सांगतो, मला भूक नव्हती. तो डबा फेकून द्यावा असंही मनात आलं नाही. मला तो खायचा होता, कारण तो माझ्यासाठी केलेला नव्हता. पहिल्या पुडात आईनं गोळे जास्त घातले होते, आणि एका कोपऱ्यात कागदात बांधून लिंबाचं लोणचं होतं. माझ्या डब्यात तिनं लोणचं कधी बांधलं नव्हतं. मी सगळं संपवलं, ताक प्यालो, केळी खाल्ली, साली पोत्याखाली सारल्या. मग डबा पिशवीत घालून वर माझा शर्ट ठेवला.

त्या दिवशी गाडी उशिरा आली. नईम धावत शिरला तेव्हा नवाला वीस मिनिटं कमी होती. "आन बे लवकर," त्यानं हात पुढे केला. मी म्हणालो, "आईला बरं नाही. ताप आहे. तिला उठताच आलं नाही." त्याचा हात तसाच राहिला, पण चेहऱ्यावर डब्याची काळजी आली नाही. "किती ताप हाये? डाक्टरले दाखोलं का?" मी म्हटलं, दाखवतो. मग तो नळाकडे पळाला. एकामागून एक चार तांबे पाणी प्यायला, काट्यावर चढला, साडेऐंशी. उतरून पुन्हा नळाकडे गेला, पुन्हा प्यायला, आणि तिथंच ओकला. फौजी सर त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. एका पोरानं कुठून तरी दोन बिस्किटं आणली, तीही राहिली नाहीत. पंच सज्जन माणूस होता, घड्याळ बघून म्हणाला, अजून दोन मिनिटं आहेत. दोन मिनिटांनी काटा होता तिथेच होता. हेवीवेटमध्ये दुसरं नाव नव्हतं. पंचानं माझा हात वर केला.

नईमनं शर्ट घातला, तोंड धुतलं आणि माझ्यापाशी आला. "चाल, काकूले पाहून येऊ." मी नको म्हणालो. ती झोपली असेल म्हणालो, तुझी गाडी चुकेल म्हणालो. तो पिशवी काखेत मारून चालूच लागला. शेड ते घर दहा मिनिटांचा रस्ता. मी डब्याची पिशवी सांभाळत त्याच्या मागून चालत होतो.

आई ओट्यापाशी उभी होती, पोळ्या लाटत होती. आम्हाला बघून तिनं लाटणं खाली ठेवलं. "काय झालं? भरलं का वजन?" नईमनं तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग माझ्या हातातल्या पिशवीकडे. आई पुन्हा म्हणाली, "बोल ना बापा. गोळाभात पुरला नाही का?" मी भिंतीला टेकलो होतो.

"पुरला काकू," नईम म्हणाला. "मस्त झालता. वजनच नाही भरलं. मीच वाळलो वाटते."

आई तिथंच खाली बसली. मला ती काही बोलली नाही, अभिनंदन तर नाहीच. "माह्याच हातचं कमी पडलं," ती म्हणाली, "अजून दोन गोळे टाकाले पाह्यजे होते. पीठ होतं न् मी ठेवून देल्लं." नईम तिच्यासमोर उकिडवा बसून, असं नाही काकू, असं नाही, म्हणत राहिला. संध्याकाळी बाबा रजिस्टर घेऊन बसले तर ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "लिवा तिथं, डबा कमी पडला म्हणून." बाबांनी माझ्या पानावर "पुढे चाल" लिहिलं. नईमच्या पानावर लिहिलं: "वजन अपुरे. घरचा डबा कमी पडला. चूक आमची." शाई वाळेपर्यंत त्यांनी ते पान उघडं ठेवलं होतं. मी पाणी प्यायला गेलो नाही.

विभागाला माझ्यासमोर डावखुरा पोरगा येणार असं कळलं. नईम डावखुरा नव्हता. त्याचा डावा हात जड होता, एवढंच. तरी तीन आठवडे तो रोज शेडमध्ये माझ्यासमोर पाय बदलून डावखुऱ्यासारखा उभा राहिला, म्हणजे मला सवय व्हावी. डब्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. मी वाट बघत होतो, की कधी तरी तो जरा जास्त जोरानं मारेल. त्यानं मारलं नाही. त्याचं त्याबद्दल कौतुक वाटायला हवं होतं, पण मला रागच आला. एवढं मोठं मन असायला याचं गेलंय काय, असं मी स्वतःशी म्हणायचो. त्याचं काय गेलं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. विभागाला मी पहिल्याच सामन्यात हरलो, पण प्रमाणपत्र मिळालं, आणि त्यावर खात्यात जागाही मिळाली. आज जे पेन्शन घेतो ते त्याच कागदाचं. नईमनं त्या वर्षानंतर खेळ सोडला आणि दुकान सांभाळलं.

जाणं-येणं मात्र सुटलं नाही. आमच्या घरची मोटार जळो न जळो, तो महिन्या-दोन महिन्यांनी यायचा, आईसाठी बोरीच्या बाजारातली वांगी आणायचा आणि जेवून जायचा. बाबा गेले, मी रिटायर झालो, आई म्हातारी झाली, हात थरथरू लागले, तरी तो आला की तीच वाढायची. आणि तो पुरे म्हणाला की ती एक पोळी आणखी घालायची. "घे बापा. एकदा कमी पडलं होतं माह्यं." चाळीस वर्षं हे वाक्य मी ऐकलं. दरवेळी ठरवायचो, आज सांगतो. दरवेळी तिच्या तोंडावर त्याच्याविषयी जी माया दिसायची, ती बघून तोंड मिटायचो. माझं पाप कळलं तर ती काय म्हणेल, याची मला तेवढी भीती नव्हती. मग नईम तिच्या लेखी किती उंच जाईल, याची होती. आज हे लिहितानाही लाज वाटते, पण होतं ते असं होतं.

मागच्या वर्षी आई गेली. तेराव्याला नईम आला, दाढी पांढरी, गुडघे गेलेले. मागच्या अंगणात हात धुवायच्या जागेपाशी आम्ही दोघंच होतो, तेव्हा मी म्हणालो, "नईम, मी तिला सांगायला पाहिजे होतं."

"मले वाटलं तू त्याच दिवशी सांगशीन," तो म्हणाला. "मंग वाटलं, लग्न झाल्यावर सांगशीन. मंग मी इचार करनं सोडून देल्लं."

"तू काहून नाही सांगितलं?"

त्यानं तांब्या खाली ठेवला. "मी सांगतलं असतं तं तिले पोरगा गमवा लागला असता. मले काय, एक सर्टिफिकेट." मग म्हणाला, "ते जास्तीची पोळी होती ना, ते मले जाये नाही रे. भल्लं पोट दुखे, गाडीत बसवे नाही. पण नाही म्हनलं असतं तं तिले वाटलं असतं, ह्यानं अजून मनात ठेवलं हाये. म्हणून खाये."

पंगतीत तो माझ्या शेजारी बसला. माझी बायको वाढत होती. तिनं त्याच्या पानात दोन पोळ्या घातल्या आणि पुढे गेली, कारण जास्तीची वाढणारं आता कोणी नव्हतं. नईमनं पानाकडे बघितलं, मग मान खाली घालून रडायला लागला. साठीतला माणूस, सगळ्या पंगतीसमोर, आवाज न करता. लोक म्हणाले, बघा, मुलासारखा होता. मी त्या माउलीचा सख्खा मुलगा, त्याच्या शेजारी बसलो होतो, डोळे कोरडे, आणि मनात एवढंच आलं, की हेही यालाच जमतं.